हरणारीचा चेहरा : ग्रीक कलेतल्या अ‍ॅमेझॉन युद्धांबद्दल

ताम्रमुद्रा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दोन कानांचा एक मातीचा कुंभ आहे, उंचीला हातभरापेक्षा थोडा कमीच. अथेन्समधल्या एक्झेकियास नावाच्या कारागिरानं तो इ.स.पू. ५४० ते ५३० च्या सुमारास केला आणि ‘एक्झेकियासनं घडवला’ असं त्यावर लिहूनही ठेवलं. मागच्या उन्हाळ्यात तिथं गेले होते. बाकीची दालनं राहिली ती राहिलीच, मी या एका काचेसमोरून हलले नाही. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते इथं मांडते.

कुंभाच्या एका अंगाला दोनच माणसं आहेत. डावीकडे अकिलीस, ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा मोठा वीर, उजवीकडे पेंथेसिलिया. ही अ‍ॅमेझॉनांची राणी, ट्रॉयचा वीर हेक्टर पडल्यावर त्या नगराच्या बाजूनं लढायला आलेली. ती खाली खचलीय. अंग पुढं निघालेलं, मान मात्र मागं वळून वर त्याच्याकडे. त्याचा भाला तिच्या गळ्यात शिरलाय, रक्त उडालंय. तिनं बिबट्याचं कातडं पांघरलंय. दोघांची नावं शेजारीच लिहिलेली आहेत, त्यामुळे कोण कोणाला मारतंय याबद्दल शंका उरत नाही.

आता शिरस्त्राणं पाहा. अकिलीसचं पूर्ण खाली ओढलेलं, आतून त्याचा डोळा तेवढा दिसतो. तिचं मात्र चेहरा उघडा ठेवणारं. जिंकणाऱ्याला चित्रकारानं धातूच्या आड ठेवलं आणि हरणारीला नाक, ओठ, हनुवटी, सगळं दिलं.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. अ‍ॅमेझॉन म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या लढवय्या स्त्रिया. त्यांचं नगर थेमिस्किरा, थर्मोडॉन नदीच्या काठी, काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात सामसुनच्या बाजूला. त्यांच्याशी झालेल्या लढाईला ग्रीकमध्ये स्वतंत्र शब्दच आहे, अमाझोनोमाखिया. कथा मुख्य तीन. वीर हेराक्लीस आपल्या बारा कामांपैकी नववं म्हणून राणी हिप्पोलितेचा कंबरपट्टा आणायला जातो. अथेन्सचा राजा थेसियस त्यांच्यातल्या अँटिओपेला पळवून आणतो आणि त्यापायी अ‍ॅमेझॉन थेट अथेन्सवर चालून येतात. तिसरी ही पेंथेसिलियाची. तिन्हींत शेवटी ग्रीकच जिंकतात.

पण नुसतं जिंकायचंच होतं तर एकदा चित्र काढून भागलं असतं. ही माणसं शतकानुशतकं तेच काढत राहिली. कुंभांवर, दारूच्या प्याल्यांवर, मंदिरांच्या भिंतींवर, देवीच्या ढालीवर, थडग्यांवर, आणि पुढे रोमन काळातल्या शवपेट्यांवरसुद्धा. ज्या अथेन्समध्ये नागरिकाच्या बायकोला सभेत बोलायचा अधिकार नव्हता, मालमत्तेचा व्यवहार करायचा तर पुरुष पालक लागायचा, तिथल्या पुरुषांनी हे केलं. माझं म्हणणं इतकंच आहे की गोष्ट ग्रीकांच्या बाजूची असली, तरी चांगल्या चित्रकाराचा हात तिच्याकडे झुकतो. तुम्हाला काय वाटतं, लिहा.

सोनटक्का

फार सुंदर लिहिलंय. कुंभाचा फोटो शोधून पाहिला, शिरस्त्राणाचं अगदी खरं आहे. आता दुसरं काही दिसतच नाही त्यात.

एक शंका. धनुष्य ओढताना आड येऊ नये म्हणून त्या उजवा स्तन काढून टाकत, ‘अ-माझोस’ म्हणजे स्तन नसलेली, असं लहानपणापासून ऐकलंय. चित्रांत ते कसं दाखवलेलं असतं?

अश्मक

सोनटक्का, कुठेच दाखवलेलं नसतं. इतक्या कुंभांत, इतक्या शिल्पांत एकही एकस्तनी अ‍ॅमेझॉन सापडत नाही. ती व्युत्पत्ती इ.स.पू. पाचव्या शतकात हेलानिकोस या ग्रीक लेखकानं दिली आणि नंतरच्यांनी ती उचलून धरली. आजचे भाषाअभ्यासक ती मानत नाहीत. ग्रीक कानाला परका शब्द ओळखीचा वाटला, मग त्याला जुळेल अशी गोष्ट आली. आपल्याकडे गावांच्या नावांच्या कथा अशाच तयार होतात.

होमर तर स्तनाबद्दल काहीच बोलत नाही. त्याच्या इलियड महाकाव्यात दोनदा त्यांचा उल्लेख येतो आणि दोन्ही वेळा विशेषण एकच, ‘अँतिआनेइराय’, पुरुषांच्या तोडीच्या. तिसऱ्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम तटावरून ग्रीक सैन्य पाहताना सांगतो, की तरुणपणी सांगारिओस नदीवर अ‍ॅमेझॉन चालून आल्या तेव्हा मीही तिथं होतो. शत्रूचं सामर्थ्य मोजायला त्याला त्यांचीच आठवण होते.

शिल्पांतला पुरावा आणखी ठसठशीत आहे. एफेससच्या आर्टेमिसच्या मंदिरासाठी जखमी अ‍ॅमेझॉनचे पुतळे करायची चढाओढ लागली होती, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. पॉलिक्लितोस, फिडियास, क्रेसिलास असे मोठे शिल्पकार होते. निवाडा त्यांचा त्यांनीच करायचा होता. प्रत्येकानं पहिला नंबर स्वतःला दिला, पण दुसरा बहुतेकांनी पॉलिक्लितोसला दिला, म्हणून तो जिंकला. मूळ पुतळे गेले. त्यांच्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रती रोम, बर्लिन आणि न्यूयॉर्कमध्ये आहेत. त्यांत वस्त्र खांद्यावरून घसरलेलं दिसतं, पण दोन्ही स्तन शाबूत. आणि ताम्रमुद्रा, तुमच्या मुद्द्यासाठी सांगतो, या पुतळ्यांत मारणारा कुठेच नाही. फक्त जखम झालेली एकटी बाई आहे.

वाड्यातले_नाना

ताम्रमुद्राताई, लेख मनापासून आवडला, पण चित्रकाराचा हात तिच्याकडे झुकतो हे मला सहज पटत नाही. हा सगळा विषय इराणी आक्रमणाशी बांधलेला आहे.

क्रम पाहा. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी अक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सची मंदिरांची टेकडी, जाळली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो, की वेढा घालताना त्यांनी समोरच्या अरेओपागस टेकडीवर तळ ठोकला होता. पुढे ४५८ मध्ये एस्खिलस आपल्या नाटकात अ‍ॅमेझॉनांनी अथेन्सवर स्वारी केली तेव्हा कुठे तळ दिला होता असं सांगतो? त्याच अरेओपागसवर. प्रेक्षकांत ती आग डोळ्यांनी पाहिलेली माणसं बसलेली होती. त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नसेल.

त्याच सुमारास अगोऱ्यातल्या, म्हणजे नगराच्या मुख्य चौकातल्या, चित्रांच्या ओसरीत, स्तोआ पोइकिलेत, मिकॉननं थेसियस आणि अ‍ॅमेझॉनांची लढाई रंगवली. त्याच ओसरीत इराण्यांशी झालेली मॅरेथॉनची खरी लढाईही रंगवलेली होती. पुराण आणि इतिहास एकाच छपराखाली. मग अथेना देवीचं मंदिर, पार्थेनॉन, आलं. पश्चिमेच्या १४ मेटोपांवर, म्हणजे खांबांवरच्या कोरीव चौकटींवर, अ‍ॅमेझॉन, पूर्वेला राक्षसांशी देवांचं युद्ध, दक्षिणेला अर्धे माणूस अर्धे घोडे असे सेंटॉर, उत्तरेला ट्रॉय. चारही बाजूंना एकच सांगणं, आम्ही व्यवस्था आणि समोरचे ते गोंधळ. अ‍ॅमेझॉनांना तंग विजारी, टोकाच्या टोप्या, चंद्रकोरी ढाली घातल्या त्या पूर्वेकडच्या लोकांसारख्या दिसाव्यात म्हणूनच. इराण्यांविरुद्धच्या प्लाटीयाच्या रणांगणावर मानाची जागा मागताना अथेन्सचे लोक आपल्या पराक्रमांच्या यादीत अ‍ॅमेझॉनांना हरवल्याचंही सांगतात, तेही हेरोडोटसनंच नोंदवलंय. पराभूत शत्रूला दिमाखदार दाखवलं की आपला विजय मोठा होतो. यात करुणा शोधायला नको.

गोदातीर

नाना, तुमचा अरेओपागसचा मुद्दा जबरदस्त आहे, पार्थेनॉनच्या काळापुरता पूर्ण मान्य. पण तारखा मागे नेऊन पाहा. ताम्रमुद्रा ज्या कुंभाबद्दल बोलतायत तो मॅरेथॉनच्या ४० ते ५० वर्षं आधीचा आहे. तेव्हा अथेन्सला इराणची भीती नव्हती. हेराक्लीस आणि अ‍ॅमेझॉनांची लढाई इ.स.पू. सहाव्या शतकात कुंभांवर इतक्या वेळा येते की त्याच्या कामांपैकी नेमियाचा सिंह सोडला तर दुसरं कुठलंच इतकं लोकप्रिय दिसत नाही. त्याहून जुनं उदाहरण तिरिन्सला सापडलेली भाजक्या मातीची ढाल, इ.स.पू. ७०० च्या आसपासची. तिच्यावर पुरुषाशी झुंजणारी स्त्री आहे, तीही बहुतेक अ‍ॅमेझॉनच मानतात. इराण्यांनी या विषयाला नवा अर्थ दिला असेल, विषय मात्र त्यांच्या आधीपासून चालत आलेला आहे.

आणि एक गोष्ट आपण सगळे विसरतोय. एक्झेकियासचा कुंभ सापडला कुठे? अथेन्समध्ये नव्हे, इटलीत, वुल्चीला, एट्रुस्कन या तिथल्या प्राचीन लोकांच्या थडग्यांत. अथेन्सचे कितीतरी उत्तम कुंभ तिकडेच सापडलेत, कारण गिऱ्हाईक तिकडे होतं. एट्रुस्कन बायका नवऱ्याच्या शेजारी मेजवानीला बसत, ग्रीक लेखकांना त्याचा धक्का बसायचा. त्यांच्या घरात, त्यांच्या थडग्यात पेंथेसिलिया गेली, तेव्हा तिच्याकडे पाहणारे डोळे अथेन्सच्या नागरिकाचे नव्हते.

मातीकाम

मी कुंभारकाम शिकवते, म्हणून रंगाबद्दल लिहिते. कथा तुम्हा सगळ्यांना जास्त माहीत आहे.

एक्झेकियासच्या शैलीत रंग फारसे नसतातच. अथेन्सची माती लोहाची. तीच माती पाण्यात कालवून, निवळून अगदी बारीक लेप केला जातो आणि आकृती त्या लेपानं भरतात. मग भट्टी तीन टप्प्यांत. आधी हवा मोकळी, सगळं लाल. मग हवा कोंडून धूर, सगळं काळं. शेवटी पुन्हा हवा सोडली की भांडं लाल होतं, पण लेप तोवर काचेसारखा मिटलेला असतो, तो काळाच राहतो. नऊशे साडेनऊशे अंशांचं काम. थोडं चुकलं तर सगळी भट्टी वाया. बारीक रेषा काळ्या लेपावर टोकदार हत्यारानं कोरलेल्या असतात. बिबट्याच्या कातड्यावरचे ठिपके, वस्त्रावरची नक्षी, सगळी हातानं.

आता मुद्दा. या शैलीत पुरुष काळे आणि बायका पांढऱ्या. घरात सावलीत राहणारी ती गोरी, उन्हात हिंडणारा तो सावळा, असा संकेत. पांढरा रंग म्हणजे लोह नसलेली वेगळी माती, काळ्या लेपावर चढवलेली. ती नीट धरत नाही, काळाच्या ओघात उडते. सुरुवातीच्या कुंभांत अ‍ॅमेझॉनांचा पोशाख थेट ग्रीक शिपायाचा असतो, तीच ढाल, तेच शिरस्त्राण, तीच पोटऱ्यांवरची चिलखतं. ती बाई आहे हे सांगायला फक्त तो पांढरा रंग. तो उडाला की खालचा काळा उघडा पडतो आणि क्षणभर कळत नाही की आपण दोन पुरुष पाहतोय की एक स्त्री आणि एक पुरुष. वर्गात हे चित्र दाखवते तेव्हा मुली हमखास इथंच थांबतात.

इ.स.पू. ५२० च्या आसपास शैली उलटली. पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या लाल रंगात, रेषा कोरायच्या ऐवजी कुंचल्यानं. त्या क्षणी पांढरं-काळं संपलं. अ‍ॅमेझॉन आणि ग्रीक, दोघांची त्वचा एकाच मातीची झाली. विजारी आणि टोप्या आल्या त्यामागे इराण असेल, नाना म्हणतात ते असेल, पण चित्रकाराची साधी अडचणही असेल. रंगानं वेगळं दाखवता येत नाही, तर कपड्यानं दाखवू.

ताम्रमुद्रा

मातीकाम, हे कुठल्या पुस्तकात वाचून मला इतकं कळलं नसतं. मनापासून आभार. पांढरा उडाल्यावर खालून पुरुष दिसतो, हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय.

गोदातीर, वुल्चीचा मुद्दा मी लेखातच घ्यायला हवा होता.

दूरदेशी

मी म्युनिकला राहते. वाचून राहवलं नाही, काल क्योनिग्सप्लात्सवरच्या पुराणवस्तू संग्रहालयात जाऊन आले. इथं लाल आकृतींच्या शैलीतला एक प्याला आहे, इ.स.पू. ४६० च्या आसपासचा. तोही वुल्चीचाच! चित्रकाराचं खरं नाव माहीत नाही, या प्याल्यावरूनच त्याला ‘पेंथेसिलिया चित्रकार’ म्हणतात. प्याला कसला, परातच आहे, व्यास ४० सेंटिमीटरच्या वर. दारू प्यायला कोणी हा दोन्ही हातांनी उचलला असेल असं वाटत नाही.

आतल्या गोल तळात चार माणसं. मधोमध तो, नग्न, तलवार वरून खाली तिच्या छातीत. ती त्याच्या पायाशी गुडघे टेकून, एक हात त्याच्या छातीकडे गेलेला. डाव्या कडेला दुसरा ग्रीक योद्धा, उजवीकडे कडेच्या गोलाईला धरून पडलेली एक मेलेली अ‍ॅमेझॉन, तिचा पोशाख नक्षीदार आणि तंग. आकृती वर्तुळाला पुरत नाहीत इतक्या मोठ्या काढल्यात, म्हणून सगळ्यांना वाकावं लागलंय. ते दोघं एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत ते त्यामुळेच असं मला समोर उभं राहिल्यावर वाटलं. आणि डोळे थेट डोळ्यांत. इथं अकिलीसचं शिरस्त्राण खाली आहे, पण गाल आणि डोळे दिसतात. एक्झेकियासनंतर ऐंशी वर्षांनी त्यालाही चेहरा मिळाला.

एक मात्र सांगायला हवं. या प्याल्यावर नावं लिहिलेली नाहीत. अकिलीस आणि पेंथेसिलिया ही ओळख अभ्यासकांनी लावलेली आहे. थेसियस आणि अँटिओपे असतील असंही सुचवलं गेलंय.

निशिगंध

सगळं वाचलं. माहिती अप्रतिम आहे, पण मला एक गोष्ट बोलायचीच आहे. ‘मारता मारता तो तिच्या प्रेमात पडला’ ही जी कथा या प्याल्याबरोबर सगळीकडे सांगितली जाते, तिच्याबद्दल. तलवार छातीत घुसलीय आणि आपण तिथं प्रेम शोधतोय. तिचं त्या क्षणी काय चाललंय हे कोणी विचारत नाही. ती राणी आहे, सैन्य घेऊन आलीय, हरलीय, मरतेय. तिचा हात त्याच्या छातीकडे गेलाय तो त्याला दूर लोटायला गेला असेल, जीव वाचवायला गेला असेल. त्याला प्रेमाची खूण म्हणणं मला सहन होत नाही.

ताम्रमुद्रा

निशिगंध, तुम्ही बोललात ते बरं झालं. कथेचा मागोवा घेतला तर तुमच्या बाजूचं बरंच सापडतं. पेंथेसिलियाची गोष्ट ‘एथिओपिस’ नावाच्या महाकाव्यात होती, ते नष्ट झालं. त्याचा सारांश तेवढा उरलाय. त्यात असं आहे, की थेर्सितेस नावाचा ग्रीक अकिलीसला हिणवतो, म्हणतो तुझं त्या बाईवर प्रेम होतं म्हणे, आणि अकिलीस त्याला मारून टाकतो. म्हणजे जुन्या कथेत ‘प्रेम’ हा शब्द येतो तो एका हिणवणाऱ्याच्या तोंडून. त्यावर अकिलीसचं उत्तर म्हणजे खून. पुढच्या कवींनी त्याची प्रेमकथा केली.

आणखी एक रूप होतं. ऑलिंपियाच्या झ्यूसच्या सिंहासनाभोवतीच्या आडभिंतींवर पानाइनोसनं चित्रं रंगवली होती, ती ग्रीक प्रवासी लेखक पौसानियासनं पाहिली. त्यांत प्राण सोडणारी पेंथेसिलिया आणि तिला सावरून धरणारा अकिलीस होता. शस्त्राचा घाव होऊन गेलेला, आता नुसतं धरणं. म्युनिकच्या प्याल्यात मात्र घाव चालूच आहे. तिथं तिच्या नजरेत काय आहे हे चित्रकारानं आपल्याला सांगितलेलं नाही आणि मीही तिथं प्रेम लिहिणार नाही.

लोकरवेडी

पुरुषांच्या प्याल्यांबद्दल खूप झालं, आता बायकांच्या वस्तूंबद्दल थोडं.

ग्रीक बायका लोकरीचे पेळू वळायच्या तेव्हा मांडीवर आणि गुडघ्यावर मातीचं एक कवच ठेवायच्या. कौलासारखं, एका टोकाला बंद. त्याला एपिनेत्रॉन म्हणतात. वरच्या अंगाला खवल्यांची खरखरीत नक्षी, लोकर घासायला. असं एक एपिनेत्रॉन एल्युसिसला आहे, इ.स.पू. ५०० च्या सुमाराचं, आणि त्यावर कोण आहेत? अ‍ॅमेझॉन! लढाईला सज्ज होणाऱ्या. एक तुतारी फुंकतेय आणि तुतारीच्या तोंडाशी अक्षरं लिहिली आहेत, ‘तोते, तोतोते’. कुठलाही शब्द नाही तो, तुतारीचा आवाज आहे.

मी स्वतः सूत कातते, लोकर विणते, म्हणून ही वस्तू माझ्या मनात घर करून बसलीय. घरातल्या ओसरीत बसून, सासूच्या देखत, तासन्‌तास लोकर वळणारी बाई. अथेन्समध्ये चांगल्या बायकोची खूण म्हणजे हेच काम. आणि तिच्या मांडीवर तुतारी वाजतेय. त्या वस्तूवर ग्रीक पुरुष नाही, पराभव नाही, फक्त तयारी. अत्तराच्या लहान कुप्यांवरही अशा एकट्यादुकट्या अ‍ॅमेझॉन सापडतात. या बायकांनी आपलं मत कुठे लिहून ठेवलं नाही, पण ती वस्तू विकत घेतली गेली, वापरली गेली.

गोदातीर

लोकरवेडी, माझ्या दृष्टीनं हा या धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद. नाना, आता बोला!

वाड्यातले_नाना

बोलतो. एपिनेत्रॉनचं मला माहीत नव्हतं. माझं म्हणणं सार्वजनिक इमारतींपुरतं मर्यादित करून घेतो. मंदिराच्या माथ्यावर काय कोरायचं ते नगर ठरवत होतं, मांडीवर काय ठेवायचं ते घर. दोन्हीकडे एकच अर्थ असायला हवा असं मीच धरून बसलो होतो.

पार्थेनॉनबद्दल एक भर घालतो, ती ताम्रमुद्राताईंच्या चेहऱ्याच्या मुद्द्याला धरून आहे. आतल्या अथेनाच्या मूर्तीच्या ढालीवर फिडियासनं अ‍ॅमेझॉनांची लढाई कोरली होती. चरित्रकार प्लूटार्क सांगतो, त्यात त्यानं दगड उचललेला टकला म्हातारा म्हणून स्वतःला कोरलं, आणि अ‍ॅमेझॉनशी लढणारा अथेन्सचा नेता पेरिक्लीसही कोरला. पण भाला उगारलेला हात पेरिक्लीसच्या चेहऱ्यासमोर असा आणला की साम्य लपावं, तरी दोन्ही बाजूंनी ओळखू यावं. त्यावरून फिडियासवर ठपका आला. ढाल गेली, तिची नंतरच्या काळातली संगमरवरी लहान प्रत ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडचं आठवलं म्हणून लिहितो. जैमिनीच्या अश्वमेधात अर्जुनाचा घोडा प्रमिलेच्या स्त्रीराज्यात शिरतो आणि शेवट लग्नात होतो. मच्छिंद्रनाथांचं स्त्रीराज्य तर घरोघरी माहीत आहे. या कथांचा ग्रीकांशी संबंध जोडायचा मोह होतो, तो मी आवरतो. प्रत्यक्ष संबंधाचा धागा वेगळाच आहे. अर्थशास्त्रात राजा झोपेतून उठला की त्याच्याभोवती धनुर्धारी स्त्रिया असाव्यात असं सांगितलंय, आणि शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात विदूषक सांगतो, की हाती धनुष्य घेतलेल्या, रानफुलांच्या माळा घातलेल्या यवनी, म्हणजे ग्रीक बायका, राजाभोवती आहेत. ग्रीकांच्या कथेत शस्त्र धरणारी बाई परकी, आणि आपल्या नाटकात शस्त्र धरणारी बाई यवनी.

सोनटक्का

नाना, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

अशा बायका खरंच होत्या का? एवढं एक कोणीतरी सांगा.

अश्मक

थर्मोडॉनकाठी बायकांचं राज्य सापडलेलं नाही. पण काळ्या समुद्राच्या उत्तरेला गवताळ प्रदेशात शक आणि सौरोमात लोकांच्या टेकडीवजा कबरी आहेत, कुर्गान म्हणतात त्यांना. त्यांत बायकांबरोबर बाण, भाले, घोड्याचं सामान पुरलेलं मिळतं. पूर्वी शस्त्र दिसलं की पुरुष, आरसा दिसला की बाई, असं धरून चालायचे. हाडांची नीट तपासणी होऊ लागल्यावर हिशेब बदलला. २०१९ मध्ये रशियात वोरोनेझ भागातल्या देवित्सा इथं एकाच कबरीत चार स्त्रिया सापडल्या, इ.स.पू. चौथ्या शतकातल्या. सर्वांत लहान मुलगी १२-१३ वर्षांची, सर्वांत मोठी ४५ ते ५० ची, तिच्या डोक्यावर सोन्याचं शिरोभूषण. बरोबर बाणांची टोकं आणि भाले.

हेरोडोटसची गोष्टही याच भागातली. थर्मोडॉनला पकडलेल्या अ‍ॅमेझॉन जहाजावरच्या ग्रीकांना मारून टाकतात, पण जहाज हाकता येत नाही म्हणून वाहत वाहत अझोवच्या समुद्राला लागतात. तिथं शक तरुणांशी त्यांचं जमतं. ते तरुण म्हणतात, आमच्या घरी चला. त्या म्हणतात, तुमच्या बायकांसारखं गाड्यांत बसून राहणं आम्हाला जमणार नाही, आम्ही घोड्यावर बसतो, शिकार करतो. मग ते तरुणच आपलं घर सोडून त्यांच्याबरोबर जातात. ग्रीकांनी सांगितलेली ही एकच अ‍ॅमेझॉन कथा मला माहीत आहे, जिच्यात शेवटी त्या हरत नाहीत.

डोंगरवाट

उशिरा आलो. बास्साईचं मंदिर कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो, मी तिथं जाऊन आलोय. पेलोपोनेसमध्ये आर्केडियाच्या डोंगरात, अकराशे मीटरवर, अपोलो एपिकुरियोसचं मंदिर. इक्तिनोसनं बांधलं असं पौसानियास म्हणतो, तोच पार्थेनॉनवाला. १९८७ पासून सगळं मंदिर एका प्रचंड तंबूखाली आहे. वाऱ्यात तंबूचं कापड फडफडतं आणि आत राखाडी चुनखडीचे खांब.

शिल्पपट तिथं नाही. १८११-१२ मध्ये उकरून काढला, १८१४ मध्ये झाकिंथोस बेटावर लिलाव होऊन ब्रिटिश म्युझियमनं घेतला. एकूण २३ शिळा, त्यातल्या १२ अ‍ॅमेझॉनांच्या. हा पट मंदिराच्या बाहेर नव्हता, आत गाभाऱ्यात होता, डोक्यापासून खूप वर, अंधारात. कोणाला किती दिसत असेल? तरी कोरणाऱ्यानं कसर केलेली नाही. जखमी सोबत्याला आधार देणारे ग्रीक आहेत तशाच पडणाऱ्या मैत्रिणीला सावरणाऱ्या अ‍ॅमेझॉन आहेत. दोन्हीकडे सारखंच दुःख. रिकामा गाभारा पाहताना मला त्याच शिळा आठवत होत्या.

सोनटक्का

पुढच्या महिन्यात लेकीकडे लंडनला जातेय. गुडघे दुखतात, एका दिवसात तासाभरापेक्षा जास्त फिरणं होत नाही. ताम्रमुद्रा, काय पाहू आणि कुठल्या क्रमानं, सांगाल?

ताम्रमुद्रा

नक्की सांगते. आधी एक्झेकियासचा कुंभ. दारात शिरलात की माहिती खिडकीवर विचारा आज तो कुठल्या दालनात आहे. मागच्या अंगालाही जा, तिथं मद्याचा देव डायोनिसस आणि त्याचा मुलगा ओइनोपिऑन शांतपणे समोरासमोर उभे आहेत. मग बास्साईच्या शिळा, १६ नंबरची खोली. ती जिना चढून आहे आणि नेहमी उघडी असतेच असं नाही, तेही खिडकीवरच विचारून घ्या. गुडघे फार दुखत असतील तर ती सोडा.

पण २१ नंबरची खोली सोडू नका. हालिकार्नासस, आजचं बोद्रुम, तिथल्या राजा मौसोलोसचं थडगं. इ.स.पू. ३५३ मध्ये तो गेला, काम पुढं नेलं त्याच्या राणीनं, आर्टेमिसियानं, आणि तीही काम पुरं व्हायच्या आधी गेली. नवऱ्याच्या थडग्याभोवती तिच्या शिल्पकारांनी अ‍ॅमेझॉनांची लढाई कोरली. याच नगरात त्याच्या सव्वाशे वर्षं आधी दुसरी एक आर्टेमिसिया राणी होती, ती सालामिसच्या युद्धात इराणच्या बाजूनं स्वतः जहाज घेऊन लढली. बाईनं अथेन्सशी लढावं याचा अथेन्सच्या लोकांना इतका राग आला, की तिला जिवंत पकडणाऱ्याला त्यांनी १०,००० द्राख्मा जाहीर केले. ती सापडली नाही. त्या गावात अ‍ॅमेझॉन कोरताना छिन्नी धरणाऱ्यांना ही आठवण नसेल असं मला वाटत नाही.

त्या पटात एक शिळा शोधा. घोडा पुढे दौडतोय आणि त्यावरची अ‍ॅमेझॉन उलटी बसलीय, तोंड शेपटीकडे, मागून येणाऱ्यांवर धनुष्य ताणायच्या आवेशात. धनुष्य ब्राँझचं किंवा रंगवलेलं असणार, आता उरलेलं नाही. हात मात्र अजून ताणलेले आहेत. त्या खोलीत बसायला बाक असेल तर तिच्यासमोरचा घ्या.